कंस कोणता घालावा?

गणिताचे नाव काढताच कलाशाखेच्या विद्यार्थ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. माझ्याही पडत. पण धाकट्या भावाला १२ वर्षे पूर्ण झाली, त्याच दिवशी मी त्याला घेऊन डोंबिवलीहून ठाण्याला निघाले आणि सवयीने त्याचे अर्धे तिकीट काढले. तिकीट तपासनिसांनी वय विचारताच त्याने छाती फुगवून सांगितले, "आज बारा पूर्ण!" मला दंड भरावा लागला. "पाच ते बारा अर्धेच ना?" अशी हुज्जत मी घातली खरी, पण चूक माझीच होती. ५ वर्षे पूर्ण झालेल्या, परंतु १२ पूर्ण न झालेल्या मुलालाच अर्धे भाडे असते.

आपला 'ते' हा शब्द मोठा लबाड! शेवटची संख्या आत की बाहेर, हे तो सांगतच नाही. गणिताला असा मोघमपणा चालत नाही. वय क्ष मानले, तर नियम असा: ५ ≤ क्ष < १२. हेच अंतरालाच्या रूपात [५, १२) असे लिहितात. चौकोनी कंस म्हणजे टोकाची संख्या आत. गोल कंस म्हणजे बाहेर. लहान संख्या नेहमी डावीकडे.

आता सर्व प्रवासी पाहू. मोफत [०, ५), अर्धे [५, १२), पूर्ण [१२, ∞). एकही वय सुटत नाही, एकही दोनदा येत नाही. अनंत ही गाठता येणारी संख्या नव्हे, म्हणून तिच्याशेजारी सदैव गोल कंस. अर्धे तिकीट ज्यांना लागू नाही, त्यांचा संच दोन तुकड्यांचा: [०, ५) ∪ [१२, ∞). मधले चिन्ह संयोगाचे.

अर्थशास्त्राच्या मित्रांना हे नवे नाही. संख्याशास्त्रातील असमावेशक पद्धतीत १०-२०, २०-३० असे वर्ग असतात आणि २० गुण दुसऱ्या वर्गात मोजतात. म्हणजे [१०, २०) आणि [२०, ३०).

उकल काढताना एक सावधगिरी हवी. ऋण संख्येने गुणले किंवा भागले, की चिन्हाची दिशा उलटते. उदाहरणार्थ, २० − ३क्ष > ५. दोन्ही बाजूंतून २० वजा केले, की −३क्ष > −१५. आता −३ ने भागले, की क्ष < ५. उत्तर (−∞, ५). ताळा पाहा: क्ष = ४ घेतल्यास ८ > ५, हे खरे; क्ष = ६ घेतल्यास २ > ५, हे खोटे. आणि खुद्द ५ घेतल्यास ५ > ५, हेही खोटे. म्हणून गोल कंस.

तेव्हा मित्रहो, उत्तर लिहिण्यापूर्वी टोकाची संख्या मूळ असमानतेत घालून पाहा. परीक्षेत एखादा गुण वाचेल. माझा मात्र दंड गेला तो गेलाच. शिवाय तिकिटाच्या खिडकीपाशी भाऊ अजून विचारतो, "ताई, कंस कोणता?"