डाउन सिंड्रोम असलेले मूल : प्रकृतीतील बदल कसा ओळखावा

डाउन सिंड्रोम असलेले मूल सावकाश शिकते, हे शिक्षक जाणतातच. परंतु कालपर्यंत प्रार्थनेस उत्साहाने उभे राहणारे असे मूल हल्ली वर्गात पेंगू लागले, तर ‘ते तसेच आहे’ असे समजून स्वस्थ बसू नये. हा नवा बदल असून त्यामागे उपचार होण्याजोगा आजार असू शकतो.

कारण : या मुलांच्या पेशींत २१ वे गुणसूत्र एक अधिक असते, हे १९५९ साली फ्रान्समधील संशोधकांनी दाखविले. त्यामुळे शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा संभव वाढतो. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार होय.

लक्षणे : गळ्यातील थायरॉईड ग्रंथीवर असा आघात झाल्यास सुस्ती, बद्धकोष्ठता व कोरडी त्वचा दिसते आणि उंची खुंटते. रक्त तपासून निदान होते व रोजच्या गोळीने गुण येतो. फार तहान, वारंवार लघवी व रोडावणे ही मधुमेहाची चिन्हे होत. काहींना गहू बाधतो. पोट फुगते, जुलाब होतात. त्यांना पोळी व बट्टी वर्ज्य. ज्वारी-बाजरीची अथवा कळण्याची भाकरी चालते. मात्र तपासणीपूर्वी गहू बंद करू नये; अन्यथा निदान चुकते.

मेंदूचा झटका : यांपैकी सुमारे निम्म्या मुलांना जन्मतः हृदयदोष असतो. काहींच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद होत जातात. या विकारास ‘मोयामोया’ म्हणतात. त्यामुळे लहान वयातही लकवा येऊ शकतो. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही त्याची लक्षणे. पुष्कळ रडल्यावर किंवा जोराने फुंकर घातल्यावर हात काही क्षण लुळा पडून पूर्ववत झाला, तरी ती धोक्याची सूचना मानावी. मूल घरी अहिराणी बोलत असल्यास वाणीतील फरक आईस विचारून ठरवावा. परंतु तेवढ्यासाठी दवाखान्यास विलंब करू नये.

शिक्षकांनी करावयाचे :
१. मुलाच्या नेहमीच्या चालण्या-बोलण्याची नोंद ठेवावी.
२. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येताच ती दाखवावी. थायरॉईडची तपासणी दरवर्षी व्हावी, असे पालकांस सांगावे.
३. लकव्याचे लक्षण दिसताच १०८ क्रमांकास कळवावे. मूल अखेरचे कधी ठीक होते, ती वेळ लिहावी. पाणी वा अन्न देऊ नये, कुशीवर निजवावे.

आपले दुखणे या मुलास अनेकदा शब्दांत सांगता येत नाही. ते प्रथम ध्यानी येते रोज त्यास पाहणाऱ्या शिक्षकाच्या.