फेकलेला माल वहीत हवा

रावेर-यावल पट्ट्यातली केळी ट्रकमध्ये भरून उत्तरेकडे निघाली की तिच्यावरचा शेतकऱ्याचा ताबा सुटतो. आमच्या शेतकरी गटाचा हिशेब मी सांभाळतो. एका उन्हाळ्यात परराज्यातल्या व्यापाऱ्याचा फोन आला, "भैया, माल काला पड गया, आधा फेंक दिया." मागून पट्टी आली, त्यात निम्मे पैसे कापलेले. कुठे फेकला, किती वजन भरलं, समोर कोण होतं, कशाचाच पत्ता नाही. इथून निघालेल्या गाडीची काटापावती आमच्याकडे होती. पुढचं सगळं त्याच्या तोंडी. ज्यांच्या बागेतून ती कापणी झाली होती ती माणसं माझ्या दारात आली, आणि त्यांचा राग रास्त होता. वर्षभर पाणी, खत, मजुरी घालून वाढवलेला घड एका फोनवर शून्य होतो, हे कोण सहन करील?

म्हणून सांगतो, अट सौदा ठरतानाच लिहून घ्या. माल नाकारायचा तर गाडी उतरत असतानाच, वजन करून आणि चालकाची सही घेऊन. फेकण्याआधी आम्हाला कळवायचं, आणि न कळवता फेकलेल्या मालाची कपात मान्य नाही. व्हॉट्सॲपवर एवढं लिहून पाठवलं आणि समोरून "ठीक है" आलं, तरी वादात ते उपयोगी पडतं. चांगला व्यापारी याला हरकत घेत नाही.

आपल्या शेडमधल्या मालालाही हेच लागू. केळीची नवती वेगळी, वापसी वेगळी, ही प्रतवारी आपण भावासाठी करतोच. तिसरा ढीग टाकाऊ मालाचा, आणि तोही काट्यावर चढला पाहिजे. वजनाचा अंदाज लिहू नका. वहीत तारीख, कोणाच्या बागेतला माल, किलो, कारण आणि माल कुठे गेला, एवढं त्याच दिवशी लिहा. गुरांना घातला, खतखड्ड्यात गेला की फुकट वाटला, हे वेगवेगळं हवं. नुकतीच फवारणी झालेला माल गुरांपुढे टाकू नका.

नोंदीसोबत फोटोही काढा. त्यात पूर्ण ढीग, काट्यावरचा आकडा आणि मागे ओळखू येईल अशी जागा दिसू द्या. विल्हेवाट लागल्यावर पुन्हा एक फोटो. मूळ फोटो फोनमध्ये जपा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो पुढे जातो तेव्हा त्यातली ठिकाणाची नोंद निघून जाते. साक्षीदार दोन, आणि त्यातला एक तरी आपल्या पगारावर नसलेला.

कारणाच्या रकान्यात सर्वात जास्त काळजी घ्या. 'खराब' एवढंच लिहिलेलं कोणाच्याच कामाचं नाही. गारपीट किंवा वेगाच्या वाऱ्याने केळीचं नुकसान झालं तर हवामान आधारित फळपीक विम्यात 72 तासांच्या आत कळवावं लागतं, आणि पाहणी होण्याआधी बाग साफ केली तर दाखवायला काही उरत नाही. आपण दोन साक्षीदारांसमोर केलेला कागद सरकारी पंचनाम्याची जागा घेत नाही; त्याला आधार देतो.

भाव पडल्यामुळे फेकलेल्या मालाचं दुखणं वेगळं. 2023 मध्ये कांदा मातीमोल झाला तेव्हा राज्याने क्विंटलला 350 रुपये, जास्तीत जास्त 200 क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केलं. पण ते विकलेल्या कांद्याला होतं, विक्रीची पट्टी आणि सातबाऱ्यावरची कांद्याची नोंद दाखवून. साक्री-पिंपळनेरकडे काय किंवा इकडे काय, भाडंही निघणार नाही म्हणून ज्याने उभ्या कांद्यावर रोटाव्हेटर फिरवला, त्याच्या हाती पट्टी कुठून येणार? मला हा अन्याय वाटतो. वाहतूक परवडत नाही म्हणून शेतात गाडलेल्या मालाचीही गावपातळीवर नोंद व्हायला हवी, आणि शेतकरी गटांनी ही मागणी लावून धरली पाहिजे. तोवर निदान ई-पीक पाहणी चुकवू नका, आणि थोडा तरी माल बाजार समितीत नेऊन पट्टी घ्या.

पैसे अडकले तर दाव्याची मुदत साधारण 3 वर्षांची असते. तेवढा काळ वही, पावत्या आणि मूळ फोटो राहू द्या, आणि फोन बदलण्याआधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या.