नौदलाच्या ध्वजावरील अष्टकोन

आपलें धारूर समुद्रापासून पुष्कळ दूर, बालाघाटच्या डोंगरांत वसलेलें आहे. आपल्यापैकीं बहुतेकांनीं लढाऊ जहाज चित्रांतच पाहिलें असेल. तथापि त्या जहाजांवर आज जो ध्वज फडकतो, त्यावरील एका आकृतीचा उगम समुद्रांत नाहीं, जुन्या मराठी कागदांत आहे. तो कसा, हें येथें सांगावयाचें आहे.

ता. २ सप्टेंबर २०२२ रोजीं कोची येथें 'विक्रांत' ही विमानवाहू युद्धनौका नौदलांत दाखल झाली व त्याच समारंभांत नव्या ध्वजाचें अनावरण झालें. पांढऱ्या वस्त्रावर वरच्या डाव्या कोपऱ्यांत तिरंगा व उजवीकडे गडद निळा अष्टकोन. त्यास दुहेरी सोनेरी किनार, आंत नांगर व नांगरावर सिंहशीर्ष. आठ बाजू म्हणजे आठ दिशा, आणि आकार शिवाजीमहाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला, असा त्याचा अर्थ नौदलानें सांगितला आहे.

ही मुद्रा इ. स. १६४६ च्या एका पत्रावर आढळते. रांझें गांवच्या पाटलाचा अपराध व त्यास दिलेली शिक्षा त्या पत्रांत नमूद आहे. इ. स. १६३० हें जन्मवर्ष धरिल्यास महाराजांना तेव्हां सोळावें वर्ष चालू होतें. त्या काळीं दक्षिणेंतील सरदारांच्या मुद्रा बहुधा फारसींत असत. शहाजीराजे व जिजाबाई यांच्याही तशाच होत्या. मुलाची मुद्रा मात्र संस्कृतांत कोरिली गेली. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणें वाढत जाणारी व जगास वंद्य अशी ही शहाजीपुत्र शिवाजीची मुद्रा कल्याणासाठीं शोभते, असा तिचा भावार्थ. स्वतःस पूर्णचंद्र न म्हणवितां कोर म्हणवावें, हें मला तींतील सर्वांत मनोहर वाटतें!

पत्राच्या आरंभीं शिक्का उमटवीत आणि मजकूर संपे तेथें दुसरी लहान मुद्रा, म्हणजे मोर्तब, करीत. मोर्तबाखालीं कोणीं पदरचा मजकूर घुसडल्यास तो तात्काळ उघडा पडे. एखादी गोष्ट कायम झाली म्हणजे आपण 'शिक्कामोर्तब झालें' असें म्हणतों, तें या रिवाजावरूनच.

आतां जुन्या ध्वजाविषयीं. ता. २६ जानेवारी १९५० पासून त्याच्या कोपऱ्यांत ब्रिटिश निशाणाच्या जागीं तिरंगा आला, परंतु मधला तांबडा क्रूस राहिला. इ. स. २००१ मध्यें तो काढून निळें नौदलचिन्ह घातलें, तर तें आकाशाच्या व पाण्याच्या निळाईंत ओळखूं येईना! म्हणून २००४ मध्यें क्रूस पुनः आला, मध्यभागीं सिंहशीर्ष घेऊन. तो २०२२ मध्यें गेला. आपल्या शाळेच्या प्रार्थनामंदिरांत क्रूस नित्य दिसतो, म्हणून कोणा मुलास यांत धर्माचा अवमान वाटण्याचा संभव आहे. तसें समजूं नये. तो संत जॉर्जचा क्रूस, म्हणजे इंग्लंडचें निशाण होतें, आणि ब्रिटिश आरमाराच्या ध्वजावरून आपल्याकडे आला होता. गेली ती परराज्याची खूण. विजेत्यांच्या अशा खुणा आपणांस अपरिचित नाहींत. मोगलांनीं आपला किल्ला १६३१ मध्यें घेतल्यावर धारूरचें नांव 'फतेहाबाद' ठेविलें होतें.

एकाची खूण पुढें सर्वांची व्हावी, हा प्रकार कल्पित कथांतही घडतो. १९६६ मध्यें अमेरिकेंत सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या अंतराळकथांच्या मालिकेंत खलाशांच्या छातीवर बाणाच्या अग्रासारखें चिन्ह असे. पोशाख विल्यम वेअर थाइस यांनीं योजिले होते. इतर जहाजांच्या कांहीं खलाशांच्या अंगावर निराळीं चिन्हें दिसत. पुढें तें बाणाग्रच साऱ्या अंतराळी आरमाराची खूण बनलें.

नौदलाचा अष्टकोनही ध्वजावरच थांबला नाहीं. ता. ४ डिसेंबर २०२३ चा नौदलदिन सिंधुदुर्गाजवळ साजरा झाला, त्या वेळीं अधिकाऱ्यांच्या स्कंधचिन्हांतही राजमुद्रेची छाया येणार असल्याचें जाहीर झालें, व त्याच महिन्यांत ॲडमिरलांचीं नवीं चिन्हें प्रसिद्ध झालीं.

ज्यांना समभुज अष्टकोन काढून पाहावयाचा असेल, त्यांनीं प्रथम एक चौरस काढावा व त्याचे कर्ण जोडावे. कंपासांत अर्ध्या कर्णाएवढें अंतर घेऊन प्रत्येक कोपऱ्यावरून लगतच्या दोन्ही बाजूंवर खुणा कराव्या. अशा आठ खुणा मिळतील. कोपऱ्याजवळच्या दोन-दोन खुणा सरळ रेषेनें जोडून चारी कोपरे छाटले कीं आकृति तयार होते.