रोजच्या वाटणीतून कोण सुटले?
(अभ्यासलेख : प्रेषितांची कृत्ये ६:१-७ आणि आपला पालघर जिल्हा)



देवळात प्रभूची गोष्ट आणि देवळाबाहेर पाणी, गटार, घरपट्टी, अशी विभागणी आपण सर्वांनी मनोमन करून ठेवली आहे. मिस्सा आटोपली की देवळासमोर घटकाभर उभे राहायचे, पालिकेच्या नावाने बोटे मोडायची आणि घरी जायचे, हा तर आपला रविवारचा नेमच झाला आहे. परंतु संत लूकने लिहिलेल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडला, तर ही विभागणी टिकत नाही. आरंभीच्या ख्रिस्तसभेत शिधावाटपावरून झालेला वाद तेथे नोंदलेला आहे.

यरुशलेमेत शिष्यांची संख्या वाढत होती. संख्या वाढली तशी कुरकुरही सुरू झाली. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या, ग्रीक बोलणाऱ्या कुटुंबांतील विधवांची रोजच्या वाटणीत हेळसांड होत होती. मूळच्या रहिवाशांच्या विधवांना मिळत होते, यांना मिळत नव्हते. कुणी मुद्दाम केले असे शास्त्र म्हणत नाही. माणसे वाढली आणि व्यवस्था जुनीच राहिली, की अशी माणसे आपोआप सुटून जातात.

प्रेषितांनी काय केले? गाऱ्हाणे करणाऱ्यांना त्यांनी गप्प बसवले नाही. सर्वांची सभा बोलावली. सात माणसे निवडण्याचे काम त्या सभेवरच सोपवले. निवडलेल्यांसाठी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. या सातांची नावे नीट वाचावीत. स्तेफन, फिलिप, प्रखर... सगळी नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या, त्यांच्याच भाषेची माणसे वाटणीच्या कामावर नेमली गेली. सातवा निकलाव तर जन्माने यहुदीही नव्हता. आणि या प्रसंगानंतर प्रभूच्या वचनाचा प्रसार वाढला, असे लूक लगेच पुढे सांगतो.

हाच उतारा हाती धरून आज आपण आपल्या जिल्ह्याकडे पाहू या.

आपण किती आणि कोण?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. अविभाजित ठाण्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १ कोटी १० लाखांहून अधिक, म्हणजे देशातील सर्व जिल्ह्यांत सर्वाधिक होती. पालघरच्या वाट्याला आठ तालुके आले : वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड. २०११ च्या गणनेनुसार या आठ तालुक्यांत २९ लाख ९० हजार लोक होते. त्यांपैकी सुमारे ३७ टक्के अनुसूचित जमातींचे, म्हणजे वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी असे आपले आदिवासी बांधव.

आता आपला तालुका पाहा. वसई तालुक्यात २००१ साली सुमारे ८ लाख लोक होते, २०११ साली १३ लाख ४३ हजार झाले. जिल्ह्यातील दर शंभर माणसांपैकी पंचेचाळीस एकट्या वसई तालुक्यात राहत होती. त्याच वर्षी सबंध मोखाडा तालुक्याची लोकसंख्या होती सुमारे ८३ हजार. एका टोकाला विरार लोकलची गर्दी आणि दुसऱ्या टोकाला डोंगरातले विरळ पाडे, असा हा जिल्हा आहे.

जुन्या वाड्यांतील आपल्या लोकांना हे आकडे ऐकून धास्ती वाटते, आणि ती समजण्यासारखी आहे. केळीच्या बागा, पानवेली, फुलमळे आणि बावखले ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली, त्यांच्या डोळ्यांदेखत ती बुजली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांनी पुढाकार घेतलेली हरित वसईची चळवळ याच वेदनेतून उभी राहिली. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

तरीही उताऱ्याचा प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही. मुंबईत घर परवडेना म्हणून नालासोपाऱ्याच्या किंवा विरारच्या एका खोलीत आलेले कुटुंब आपल्या वसईचे शत्रू नाही. त्यांत उत्तरेकडचे आहेत, कोकणातले आहेत, घाटावरचे आहेत. केरळ, मंगळूर, गोवा, तामिळनाडूतून आलेले आपलेच कॅथलिक बांधवही आहेत. बेथलेहेमात मरिया आणि योसेफ यांची नावनिशी झाली, पण उतरायला जागा मिळाली नाही. आपल्या यादीत ज्याचे नाव आहे पण आपल्या मनात ज्याला जागा नाही, असा शेजारी कोण, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

नळाचे पाणी कुठून येते?

यरुशलेमेत वाटणी अन्नाची होती. आपल्या जिल्ह्यात ती पाण्याची आहे. वसई-विरारच्या नळांना येणारे बरेचसे पाणी सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचे आहे. सूर्या प्रकल्प मुळात मुख्यतः डहाणू, पालघर, विक्रमगड भागातील शेतीच्या सिंचनासाठी योजलेला होता. धरणासाठी आदिवासी कुटुंबांना आपली गावे सोडावी लागली. पुढे शहरे वाढली, तहान वाढली, आणि पाण्याचा मोठा वाटा शहरांकडे वळला. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची सूर्या प्रादेशिक पाणीपुरवठा योजना रोज ४०३ दशलक्ष लिटरची आहे : १८५ वसई-विरारसाठी आणि २१८ मीरा-भाईंदरसाठी. मीरा-भाईंदर तर आपल्या जिल्ह्यातही नाही.

शहराला पाणी नको असे कुणी म्हणणार नाही. चौथ्या मजल्यावर हंडे चढवणाऱ्या बाईची तहानही खरीच आहे. पण त्याच जिल्ह्यात मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. वाटणीतून कोण सुटले, हा प्रश्न इथे पुस्तकातला राहत नाही.

कुठले दार ठोठवायचे?

गाऱ्हाणे योग्य ठिकाणी पोचले तरच त्याचा उपयोग. म्हणून कारभाराची रचना थोडी समजून घेऊ.

संविधानाच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या आणि गाव व शहर यांच्या स्थानिक कारभाराला संविधानाचा आधार मिळाला. खेड्यात ग्रामपंचायत, तिच्यावर पंचायत समिती, तिच्यावर जिल्हा परिषद. शहरात नगरपरिषद किंवा महानगरपालिका. ३ जुलै २००९ रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावांचा विरोध झाला. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचे ठरवले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे लोंबकळत राहिले. त्या वादात कोणती बाजू घ्यावी हे सांगणे या पत्रिकेचे काम नाही. मात्र आपल्या गावाचा कारभार कुणी चालवावा, हे लोकांना विचारूनच ठरावे, अशी मागणी करण्याचा अधिकार प्रत्येक गावकऱ्याला आहे.

अर्नाळा किंवा पाणजू येथे आजही ग्रामपंचायत आहे. तेथे ग्रामसभा भरते, वर्षातून किमान चार वेळा, आणि गावातील प्रत्येक मतदार तिचा सभासद असतो. महापालिकेच्या हद्दीत आपले दार म्हणजे नगरसेवक आणि प्रभाग समितीचे कार्यालय. रस्ता, दिवे, कचरा, गटार, पाणी यांसाठी तेथे जावे. सातबारा, तलाठी, दाखले यांसाठी तहसीलदार. जिल्ह्याचे मुख्यालय पालघरजवळ कोळगावला.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. महापालिकेच्या हद्दीतला मतदार जिल्हा परिषदेला मत देत नाही आणि मोखाड्याचा मतदार महापालिकेला देत नाही. मग पाणी देणारा आणि पाणी घेणारा एका मेजाशी बसतात कुठे? संविधानाने त्यासाठी जिल्हा नियोजन समिती सांगितली आहे. तिचे किमान चार पंचमांश सभासद जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिका-महापालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात, ग्रामीण व शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात. म्हणजे लोकांनी निवडलेली माणसेच नसतील, तर त्या मेजाजवळच्या खुर्च्याही रिकाम्या राहतात. आपल्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षे निवडणूक झाली नाही. कारभार प्रशासकाकडे होता. फाईली पुढे सरकतात, पण ज्याला घरी जाऊन जाब विचारता येईल असा माणूस नसतो. प्रेषितांनी 'आम्हीच काय ते बघतो' असे म्हटले नाही, सभेला निवडायला सांगितले, यामागचा अर्थ इथे कळतो.

आपण काय करावे?

पहिले, मतदारयादीत आपले नाव तपासावे. मुंबईहून नुकते राहायला आलेल्या शेजाऱ्यालाही नोंदणीसाठी मदत करावी.

दुसरे, जनगणनेला खरी माहिती द्यावी. २०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली. केंद्र शासनाने जून २०२५ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार १ मार्च २०२७ ही नव्या गणनेची संदर्भ तारीख आहे. धर्म आणि मातृभाषा या रकान्यांत संकोच न करता जे खरे ते सांगावे. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलत असाल, तर तसे सांगण्यात कमीपणा नाही. २०११ साली महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी होते. मूठभर आहोत म्हणून गप्प राहावे असे नाही, आणि फक्त आपल्याच मुठीपुरते बोलावे असेही नाही.

तिसरे, ग्रामसभेला किंवा प्रभाग कार्यालयात एकट्याने न जाता वाडीतील व इमारतीतील सर्वांसह जावे. जुलै २०१८ च्या पुरात जुनी घरे आणि नव्या वसाहती दोन्ही पाण्याखाली गेल्या होत्या. नाला बुजला की पाणी धर्म आणि भाषा विचारत नाही. नहेम्याच्या पुस्तकात (अध्याय ३) यरुशलेमेचा कोट पुन्हा बांधताना अनेकांनी आपापल्या घरासमोरचा भाग उचलला. आपल्या घरासमोरचा नाला हा आपला भाग.

चौथे, महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आपल्या भगिनींनी पुढे यावे, आणि घरच्यांनी त्यांच्या खुर्चीवर स्वतः न बसता त्यांना काम करू द्यावे.

पाचवे, पाणी जपावे, आणि निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला आपल्या नळाबरोबर डोंगरावरच्या पाड्याच्या पाण्याविषयीही विचारावे. आपण विचारले नाही, तर त्यांच्या वतीने शहरात कोण विचारणार?

कारभाराचे काम हलके, प्रार्थनेचे काम वरचे, असे मानणाऱ्यांनी स्तेफन आठवावा. वाटणी सांभाळायला निवडलेला हा माणूसच ख्रिस्तसभेचा पहिला रक्तसाक्षी झाला.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वाडीत किंवा इमारतीत रोजच्या सोयींतून कोण सुटले आहे? भाडेकरू, घरकाम करणारी बाई, एकटे वृद्ध, मिठागरावरचा कामगार?
२. आपला प्रभाग किंवा आपली ग्रामपंचायत कोणती, हे समूहातील प्रत्येकाला सांगता येते का?
३. गेल्या वर्षभरात आपल्यापैकी कितीजण ग्रामसभेला किंवा प्रभाग कार्यालयात गेले? कोणत्या कामासाठी?
४. पुढील महिन्यात समूहाने मिळून कोणते एक गाऱ्हाणे, स्वतःचे नव्हे तर शेजाऱ्याचे, योग्य दारापर्यंत न्यावे?

प्रार्थना : हे प्रभू, भुकेलेल्या लोकसमुदायाला तू गटागटाने बसवून सर्वांना पोटभर दिलेस. आमच्या जिल्ह्यातील डोंगर आणि किनारा, गाव आणि शहर यांना एका पंगतीत बसण्याची बुद्धी दे. निवडून येणाऱ्यांना न्यायाची चाड दे आणि निवडून देणाऱ्या आम्हांला जागे ठेव. आमेन.