तंबू करणाऱ्या दांपत्याचें घर

(वाचावयाचे शास्त्रभाग : प्रेषितांचीं कृत्यें १८:१-४ व १८-२८, रोमकरांस १६:३-५, कलस्सैकरांस ३:१९, फिलिप्पैकरांस ४:११.)

विवाहविधींत आम्ही पाळकलोक वधूवरांकडून जीं वचनें घेतों तीं सारीं मोठ्या प्रसंगांचीं असतात : आजार, दारिद्र्य, संकट, मरण. पिंपाचें झांकण, नळाचें पाणी, उशिरां झालेला पगार ह्यांविषयीं कोणी वचन घेत नाहीं. परंतु माझ्या सेवाकाळांत संसाराचे जे तंटे मजपुढें आले, त्यांपैकीं बहुतेक मरणाविषयीं नव्हते, झांकणाविषयींच होते.

नागापूर हें गांव अहिल्यानगर शहराबाहेर मनमाडच्या रस्त्यावर आहे. वाडवडिलांनीं तें शेतीचें गांव म्हणून पाहिलें. आतां त्याच्या शेजारीं औद्योगिक वसाहत आहे, व कारखान्यांच्या पाळ्यांवर गांवाचें घड्याळ चालतें. तेथें दोन खोल्यांत राहणारें, मंडळींतील एक जोडपें गेल्या उन्हाळ्यांत मजकडे आलें. नवरा ठेकेदाराकडे कामाला, त्याची रात्रपाळी. बायको दिवसा दुसऱ्या ठिकाणीं माल बांधण्याच्या कामावर. तो सकाळीं आठाला घरीं येई, ती नवाला बाहेर पडे; सहा दिवस त्यांचा संसार त्या एका तासाचा. आणि नेमकें त्याच तासांत नळाला पाणी येई. हा डोळे मिटावयास जाई तोंच ही पिंप भरावयास घेई, व झांकणाची कडी निखळलेली असल्यामुळें तें झांकण दर वेळीं फरशीवर आदळे. एके दिवशीं तो कांहीं बोलला. तीही कांहीं बोलली. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या डब्यांतून चटणी गेली. पुढें अकरा दिवस तीं दोघें मुलाच्या मार्फत बोलत होतीं. "बाबांना सांग, डबा भरला आहे." "आईला सांग, मला भूक नाहीं." सात वर्षांचें तें पोर घरचा निरोप्या झालें, आणि एके रात्रीं झोंपेंत तेच निरोप बडबडूं लागलें. तेव्हां आई घाबरली, व दोघें मजकडे आलीं.

मीं विचारिलें, पहिला शब्द कोणता होता? दोघांनाही तो आठवेना.

मीं कलस्सैकरांस पत्रांतील वचन वाचिलें, प्रार्थना केली, आणि आपलें काम बरें झालें असें समजून घरीं आलों. उशीर झाला होता. भाकरी निवली होती. ताटाकडे पाहून मीं म्हटलें कीं, दिवसभर लोकांचे तंटे मिटवावे आणि घरीं गरम भाकरीही मिळूं नये काय! आमच्या मंडळींनीं शांतपणें पुसलें, "अहो, त्या दोघांना तुम्हीं काय वाचून दाखविलें, तें मलाही वाचून दाखवा." त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. जें वचन मीं दुसऱ्यांस वाचून दाखविलें होतें, त्याचा खरा अभ्यास मीं त्यानंतर केला. तोच येथें मांडितों.

त्या वचनांत पौल पतींस सांगतो कीं, पत्नीवर प्रीति करा व तिच्याशीं निष्ठुर होऊं नका. जेथें आपल्या भाषांतरांत निष्ठुरपणाचा शब्द येतो, तेथें मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ कडू होणें असा आहे. हेंच क्रियापद प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायांत योहानानें खाल्लेल्या पुस्तकाविषयीं येतें : तें तोंडांत मधासारखें लागलें व पोटांत गेल्यावर कडू झालें. माझ्या मतें संसारांतील कडूपणाही असाच पोटांतला असतो. बाहेर भांडण दिसत नाहीं, शेजाऱ्यांस आवाज ऐकूं येत नाहीं, रविवारीं दोघेंही एकाच बांकावर बसतात. आणि डब्यांत चटणी नसते. पौलानें येथें मोठ्या पापाचें नांव घेतलें नाहीं. त्याला ही लहान गोष्टच लिहिण्याजोगी वाटली.

पौल तर अविवाहित. त्याला हें कोठून कळलें? मला वाटतें, अक्विला व प्रिस्किल्ला ह्यांच्या घरांत. अक्विला हा पंत प्रांतांत जन्मलेला यहूदी. इ. स. ४९ च्या सुमारास क्लौद्य कैसरानें यहूद्यांस रोम सोडावयास लाविलें, तेव्हां हें दांपत्य करिंथांत येऊन राहिलें. त्यांचा धंदा तंबू करण्याचा, पौलाचाही तोच. म्हणून तो त्यांच्या घरीं राहिला व त्यांच्याबरोबर काम करूं लागला. तंबूचें कापड कातड्याचें होतें कीं बकऱ्याच्या केंसांचें, ह्याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. पौलाचा किलिकिया प्रांत अशा केंसांच्या जाड कापडाविषयीं प्रसिद्ध होता. आमच्या धनगरांचें घोंगडें मेंढीच्या लोकरीचें असतें. तें कापड त्याहून राठ असलें पाहिजे. तें शिवणाऱ्यांच्या बोटांची दशा काय होत असेल, हें आमच्या कारखान्यांतील भगिनींना सांगावयास नको.

त्या काळच्या शहरांत अशा कारागिरांचें दुकान व बिऱ्हाड पुष्कळदां एकाच जागीं असे. पुढें काम, मागें किंवा माळ्यावर बिछाना. अशा जागेंत नवराबायको व एक पाहुणा. पौल पाहुणाही साधा नव्हे. थेस्सलनीकाकरांस तो लिहितो कीं, कोणावर भार पडूं नये म्हणून आपण रात्रंदिवस काम केलें. सुईदोरा कोणी कोठें ठेविला, गिऱ्हाइकाचे पैसे कोणी घेतले, दिव्याचें तेल कोणी संपविलें, अशीं बोलणीं त्या घरांत झालींच नसतील असें मला वाटत नाहीं. शास्त्र तें लिहीत नाहीं, म्हणून मीही तें कल्पना म्हणूनच सांगतों. पण एक गोष्ट लिहिलेली आहे. नव्या करारांत ह्या दांपत्याचा उल्लेख सहा वेळां येतो, व सहाही वेळां दोघांचीं नांवें एकत्र आहेत. एकट्याचें नांव कोठेंच नाहीं. आणखी, जुन्या प्रतींप्रमाणें त्यांपैकीं चार ठिकाणीं बायकोचें नांव आधीं आहे. इफिसांत अपुल्लोसासारख्या वक्त्याला त्या दोघांनीं आपल्याकडे घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजाविला. ज्या घरांत राठ कापड शिवलें जात असे त्याच घरांत मंडळी जमे. वेगळी पवित्र जागा त्यांजपाशीं नव्हती.

ह्याच मनमाडच्या रस्त्यानें पुढें गेलें कीं राहुरी लागते. कवि नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई हीं तेथें राहिलीं. टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला, आणि घर फुटलें. कांहीं वर्षें दोघें वेगळीं राहिलीं. लक्ष्मीबाईंचे वडील सोंवळ्याविषयीं विलक्षण कडक. अशा घरांतली मुलगी नवऱ्याकडे परतली तेव्हां तिनें आपलें खाणेंपिणें वेगळें ठेविलें. एकाच घरांत दोन चुली म्हणजे दररोज किती अडचणी, ह्याचा विचार करा. टिळकांनीं तिच्यावर बाप्तिस्म्याची सक्ती केली नाहीं. १९०० सालीं तिनें आपल्या मनानें तो घेतला. पण म्हणून संसार सुरळीत झाला असें नाहीं. टिळक तापट, उदार व पैशाविषयीं बेफिकीर. महिना काढावयाचा तो लक्ष्मीबाईंनीं. १९३४ ते १९३६ ह्या वर्षांत चार भागांत निघालेल्या 'स्मृतिचित्रें' ह्या ग्रंथांत त्यांनीं हे खटके लपविले नाहींत, व पतीला देवपणही दिलें नाहीं. त्यांनीं ते हंसत लिहिले आहेत. टिळक १९१९ सालीं वारले होते. त्यांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' पुढें लिहिणारीही हीच पत्नी. ज्या भगिनीला वाटतें कीं आपल्या घरांत कुरबुर होते म्हणून आपला विश्वास लटका आहे, तिनें हा ग्रंथ अवश्य वाचावा किंवा वाचून घ्यावा.

आतां तृप्तीविषयीं. फिलिप्पैकरांस लिहितांना पौल बंधनांत होता, आणि आहे त्या स्थितींत तृप्त राहावयास आपण शिकलों आहों असें तो म्हणतो. शिकलों, हा शब्द कारागिराच्या तोंडीं शोभतो. हात बसेपर्यंत शिवण वांकडीच येते. तृप्ति स्वभावानेंच मिळाली असती तर पौलानें असें लिहिलें नसतें. आमच्याकडे मात्र तृप्तीचा उपदेश बहुधा बायकांस व मजुरांस केला जातो, ठेकेदारास व नवऱ्यास नाहीं. पगार वेळेवर न देणाऱ्यापुढें तृप्त राहा असें मी कोणाला सांगणार नाहीं. याकोबाच्या पत्रांतील पांचव्या अध्यायांत अडवून ठेविलेली मजुरी स्वतःच ओरडते. तसेंच मारहाण व दारू ह्या लहान गोष्टी नव्हेत. जेथें तें चाललें असेल तेथें उपदेशकानें हा पाठ वाचूं नये; आधीं त्या भगिनीला सुरक्षित ठिकाणीं पोहोंचवावें, आणि मग काय बोलावयाचें तें पुरुषाशीं बोलावें.

हा पाठ घेतांना उपदेशकांनीं सभेंत तक्रारी विचारूं नयेत, नाहीं तर शास्त्र बाजूस राहून पंचायत भरेल. त्याऐवजीं काल घरांत किंवा कामावर कोणती गोष्ट बरी वाटली, तें प्रत्येकानें एका वाक्यांत सांगावें; नवऱ्यानें बायकोचें सांगूं नये व बायकोनें नवऱ्याचें सांगूं नये. आमच्याकडे हा प्रयोग केला तेव्हां आरंभीं कोणी बोलेना. मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, काल वीज गेली आणि आम्ही दोघें अंगणांत बसलों. एक भगिनी म्हणाली, पाळीवरून परततांना बसायला जागा मिळाली. रात्रपाळीवाला तो आमचा भाऊ पुष्कळ वेळ मान खालीं घालून बसला होता; शेवटीं म्हणाला, "डब्यांत चटणी होती." त्याच्या बायकोनें पदर तोंडावर घेतला, रडण्यासाठीं कीं हंसण्यासाठीं, तें मला कळलें नाहीं.

परवां सकाळीं मी त्यांच्या घरावरून गेलों. तो कामावरून येऊन स्वतः पिंप भरीत होता. ती चहाचें आधण ठेवून, आज इतका उशीर कां, म्हणून त्याला बोलत होती, व तोही उत्तर देत होता. पोर दारांत गोट्या खेळत बसलें होतें. झांकणाची कडी अजून बसविलेली नाहीं.