जुने शिकाऊ विमान इंधन जास्त का खाते?

बारामतीच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमाने इंदापूरच्या उसावरून घिरट्या घालताना आपण नेहमी पाहतो. 25 जुलै 2022 रोजी त्यांतील एक कडबनवाडीच्या शेतात कोसळले व शिकाऊ वैमानिक तरुणी जखमी झाली. त्या अपघाताच्या कारणांत आम्ही शिरत नाही. परंतु विद्यार्थी मित्रांनी इंधनाचा हिशेब शिकलाच पाहिजे.

उदाहरणादाखल सेसना 152 घेऊ. याचे उत्पादन 1985 मध्येच थांबले. वापरण्याजोगे इंधन सुमारे 93 लिटर, खर्च तासाला सुमारे 23 लिटर, म्हणजे चार तास. खर्च 28 वर गेला तर सव्वातीन तासांच्या थोडे वर. राखीव धरलेला पाऊण तास तेथेच संपला!

प्रथम तक्रार खरी आहे का, ते पाहावे. सपाट जागी टाकी काठोकाठ भरावी, घड्याळाने वेळ मोजून उडावे, परत त्याच जागी भरावे. पुष्कळ जण फेऱ्यांच्या तक्त्यावरील तास धरतात. इंजिन मंद चालताना ते तास हळू सरकतात, म्हणून धावपट्टीभोवतीच्या सरावात खर्च उगीच फुगलेला दिसतो. निम्म्या तक्रारी येथेच मिटतील, असे आम्हास वाटते. हाच तक्ता जुना होऊन फेरे कमी दाखवू लागला, तर मात्र वैमानिक नकळत इंजिन जास्त पळवतो आणि खर्च खरोखरच वाढतो.

मग गळती. विमानाचे पेट्रोल निळसर असते; पंखावर, झाकणामागे, इंजिनाखाली निळा डाग शोधावा. झाकणाचे रबर कडक झाले असेल, तर उडताना पेट्रोल वर ओढले जाऊन हवेत जाते. जमिनीवर थेंबही दिसत नाही.

डाग नसेल तर मिश्रण. बारामती पाचशे मीटरहून उंच, त्यात उन्हाळ्याची विरळ हवा. मिश्रणाची कळ पूर्ण आत ठेवून उडत राहिल्यास पेट्रोल जास्त व हवा कमी पडते. कळ ओढूनही फरक पडत नसेल, तर तिची तार, कार्बोरेटरचा तरंगक व सुई तपासावी. सुरुवातीला पेट्रोल सोडण्याचा हातपंप नीट बंद नसला तरी इंजिन त्यातून पेट्रोल ओढत राहते. प्लगवर कोरडी काळी काजळी दिसली की मिश्रण दाट आहे, हे समजावे.

ही दुरुस्ती परवानाधारक अभियंत्यानेच करावयाची. विद्यार्थ्याने प्रत्येक उड्डाणाचे लिटर व मिनिटे वहीत मांडून ठेवावीत. अभियंता पहिल्यांदा तीच वही मागतो.