लघवीवर नजर ठेव, पोरी

चिमी मांजरीच्या किडनीचं दुखणं कळल्यापासून तुझा डोळ्याला डोळा लागलेला नाही, हे आवाजावरून कळतंय. रडू नकोस असं मी म्हणणार नाही. पण ट्रे साफ करायचं काम आजपासून दुसऱ्या कुणावर सोडू नकोस. दिवसात लघवी किती वेळा झाली, वाळूचे गोळे केवढे होते, हे डॉक्टरांनी विचारलं की तुला सांगता आलं पाहिजे. मांजर दुखणं लपवतं. पाय पोटाखाली घेऊन कपाटामागं बसून राहतं आणि आपल्याला वाटतं, झोपलंय. पाण्याच्या भांड्यापुढं बसायचं पण प्यायचं नाही, तोंडाला उग्र वास, सकाळी फेसाळ उलटी, हीसुद्धा किडनीच्या दुखण्याची लक्षणं असू शकतात. पण रोज मोजून सांगता येते ती लघवी आणि वजन. म्हणून वही कर.

रक्तातल्या क्रिएटिनिनचा आकडा तू तीनदा सांगितलास. त्या एका आकड्यावर जीव टांगून ठेवू नकोस. जुनाट दुखण्यात १.६ पर्यंत बरं धरतात, २.८ च्या पुढं दुखणं वाढलेलं आणि ५ च्या पुढं अगदी गंभीर. पण हे टप्पे मांजर जरा स्थिर झाल्यावर लावायचे असतात. उलट्या होऊन सुकलेल्या जीवाचा आकडा चढूनच येतो. दोन-तीन दिवस शिरेतून सलाईन गेल्यावर पुन्हा रक्त काढतात, तेव्हा खरं काय ते समजतं. आणि किडनीचं तीन चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन फारसं हलत नाही. तेव्हा ‘माझ्या आधी कसं लक्षात आलं नाही’ हा घोर सोड. कुणाच्याच येत नाही.

डॉक्टरांना पहिलं हे विचार: दुखणं नवं आहे की जुनं? सोनोग्राफीत किडन्या लहान, खडबडीत दिसल्या तर बहुधा जुनं, आत्ता फक्त उफाळून वर आलंय. फुगलेल्या असल्या तर नवं असण्याची शक्यता जास्त. नव्या दुखण्यात किडनी सावरू शकते, म्हणून पहिले चार-पाच दिवस दवाखान्यात ठेवायला मागंपुढं पाहू नकोस. जुनं असेल तर ते मुळातून जात नाही, पण नीट सांभाळलं तर कितीतरी मांजरं महिनोन् महिने, काही तर वर्षानुवर्षं खाऊनपिऊन राहतात. हल्ली घरोघरी पर्शियन मांजरं आलीत, त्यांच्यात किडनीत पाण्याचे फोड धरण्याचा रोग आईबापाकडून येतो. चिमी त्यातली नाही, पण शेजारच्यांना सांगून ठेव, पिल्लू घेण्याआधी त्याच्या आईची सोनोग्राफी झालीय का विचारा म्हणावं.

नवं दुखणं असेल तर घर धुंडाळ. साखरपुड्यात आलेल्या गुच्छात लिलियमची फुलं होती का? ती मोठी, वासाची, केशरी परागांची. त्यांचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी दोन-तीन दिवसांत बंद पाडतं. अंगावर पडलेला पराग चाटला तरी पुरे होतो. कळल्याबरोबर, अठरा तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर वाचण्याची आशा चांगली. आपली गुलछडी त्यातली नव्हे, तिला घाबरू नकोस. गाडीच्या कूलंटचं मात्र भय धर. इथिलीन ग्लायकॉल असलेलं चमचाभर पोटात गेलं तरी मांजर जातं, आणि गाडीखाली सांडलेलं ते चाटायला त्याला वेळ लागत नाही. माणसाची अंगदुखीची गोळी तर घरातल्या कुणालाही देऊ देऊ नकोस. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनंही मांजर मरू शकतं, आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक किडनीवरच बसतात. तासगावचा बेदाणा तुझ्या घरी बरणीनं असतो. द्राक्षं-बेदाण्यानं कुत्र्यांच्या किडन्या निकामी होतात हे पक्कं झालंय. मांजरांचे दाखले थोडे आहेत, तरी बरणीचं झाकण घट्ट लाव.

तुझ्याकडं बोक्याही आहे म्हणून हे वेगळं सांगते. बोका पुन्हा पुन्हा ट्रेत जाऊन बसतोय, कण्हतोय आणि वाळू कोरडीच आहे, तर त्याला बद्धकोष्ठ झालाय असं समजून एरंडेल पाजायला जाऊ नकोस. लघवीची वाट तुंबलेली असते. पोट दाबून बघू नकोस. त्याच दिवशी, रात्र असली तरी रात्री, कॅथेटर घालणाऱ्या डॉक्टरांकडं ने. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबतं.

सांगलीत डॉक्टर निवडताना एवढंच विचार: मांजराला शिरेतून सलाईन लावता का, रक्त कुठं तपासता? आपल्याकडचे बरेच डॉक्टर गायी-म्हशींत मुरलेले. ते मांजर बघत नसतील तर सरळ सांगतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, कोण बघतं ते त्यांनाच विचार. १९६२ हा सरकारी नंबर मुख्यतः गुरांसाठी आहे, तरी जवळ कोण आहे ते विचारायला उपयोगी पडेल. आणि तिथं काही अडलंच तर चिमीला घेऊन माझ्याकडं साताऱ्याला ये. इथून खंबाटकीचा बोगदा ओलांडला, खंडाळा मागं टाकलं की शिरवळ. तिथं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८८ पासूनचं. शिकवणारे डॉक्टर असतात, तपासण्यांची सोय असते. आधी फोन करून वेळ घे. प्रवासात टोपलीवर पातळ चादर टाक, अंधारात मांजर शांत राहतं.

घरी परत पाठवताना बहुतेक कातडीखाली सलाईन द्यायला सांगतील. किती आणि कितीदा, ते डॉक्टरच ठरवणार. हृदय कमजोर असलेल्या मांजराला ते चालत नाही, म्हणून आपल्या मनानं वाढवायचं नाही. हात कसा चालवायचा ते मी सांगते. बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून कोमट कर. मनगटावर थेंब टाकून बघ, गरमही नको नि गारही नको. खिडकीच्या वरच्या गजाला अडकव, उंच असली की लवकर जातं. चिमीला मांडीवर घे, तोंड तुझ्यापासून पलीकडं. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत वर उचलली की खाली तंबूसारखी पोकळी होते, सुई त्या पोकळीत आडवी सरकव, खाली खुपसू नकोस. दर वेळी सुई नवी. नळीवरची चक्री सोडायच्या आधी बाटलीवर पेनानं खूण कर, म्हणजे कुठं थांबायचं ते दिसेल. झाल्यावर टोचल्या जागी बोटानं मिनिटभर दाबून धर. पाठीवर फुगवटा येईल, रात्रीपर्यंत तो एका पायाकडं उतरेल आणि मग जिरेल. तो बघून घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशीही तसाच राहिला, किंवा धाप लागली, तर मात्र पुढचं सलाईन न देता डॉक्टरांना फोन.

पावसाळ्यात सलाईन, सुया, औषधं आणि वही एका पिशवीत भरून दाराजवळ ठेव. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा धोक्याच्या ४५ फुटांवरून ५७ फुटांवर गेली, तेव्हा माणसांना घर सोडायला किती कमी वेळ मिळाला ते तू पाहिलंयस.

खाण्याचं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर लिव्हरला चरबी धरते आणि दुसरंच दुखणं मागं लागतं. पण मळमळत असताना तोंडात कोंबू नकोस, त्या अन्नाचा कायमचा वीट येतो. आधी उलटीचं इंजेक्शन माग, मग खायला दे. किडनीसाठीचं तयार अन्न मिळतं, त्यात फॉस्फरस कमी असतं, ते चांगलंच. पण चिमी दवाखान्यात पडून असताना ते सुरू करू नकोस, घरी येऊन भूक लागायला लागली की जुन्या अन्नात थोडं थोडं मिसळ. ते येईपर्यंत बिनमिठाचं, कांदा-लसूण न घातलेलं चिकन उकडून, कोमट करून दे. कोमट अन्नाचा वास येतो आणि मांजर वासावर जेवतं. तुझ्या सासरी मांसमच्छी चालत नाही हे मला माहीत आहे. सासूबाईंशी मी बोलते. मांजर दूधभातावर जगत नाही, आजारपणात तर नाहीच, आणि हळदीच्या दुधानं किडनी सुधारत नाही. पाण्याची पसरट भांडी दोन-तीन ठिकाणी ठेव, जेवणाच्या ताटलीपासून लांब. फार लघवी करते म्हणून पाणी कमी करायचं, असं कुणी सुचवलं तर मुळीच ऐकू नकोस. किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून ती पिते.

वजन दर आठवड्याला, त्याच वेळी, एकाच काट्यावर. तू चिमीला उचलून काट्यावर उभी राहू नकोस, त्यात शे-दोनशे ग्रॅम कळत नाहीत. वाण्याकडचा डिजिटल काटा मागून आण. चार किलोच्या मांजरात चारशे ग्रॅम गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला. मान वर धरता येईना, हनुवटी छातीला टेकायला लागली, तर पोटॅशियम घटलंय. ते औषधानं भरून येतं, ‘म्हातारी झाली’ म्हणून सोडून देऊ नकोस.

आणि जे कुणी बोलत नाही ते मी बोलते. मांजर मारलं की काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे आपण लहानपणापासून ऐकलंय, तुझ्या मनात ते येणारच. ते मारणाऱ्याला आहे. सलाईन चालू असूनही आकडे चढतायत, चार-पाच दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही, अंग चाटायचं सोडलं, तू हाक मारलीस तरी कान हलत नाही, असं झालं तर डॉक्टरांना स्पष्ट विचार: हिच्या जागी तुमचं मांजर असतं तर काय केलं असतं? ते झोपेचं इंजेक्शन म्हणाले तर त्यात पाप नाही. आधी गुंगी देतात, मग दुसरं. तेव्हा तू तिच्याजवळ थांब, बाहेर जाऊन उभी राहू नकोस. तुझ्या आवाजाची तिला सवय आहे.

पण त्याची वेळ आज नाही. आज तिनं दोन घास खाल्लेत असं तूच सांगितलंस. दवाखान्यात गेलीस की दुसऱ्या रक्ततपासणीची तारीख घेऊनच बाहेर ये, आणि त्या वेळी फॉस्फरस, पोटॅशियम आणि रक्तदाबही बघायला सांग.